दत्तूभाऊंचं डुगडुगतं विशेषण

दत्तूभाऊ परुळेकर कुणाच्याही दारावर थाप मारायचे नाहीत. दाराशेजारच्या भिंतीवरून मधल्या बोटाची पाठ हळूच फिरवायचे, डोळे मिटायचे आणि एक इंग्रजी शब्द उच्चारायचे. तो ऐकून आतल्या माणसानं ओळखायचं, दत्तूभाऊ आले. आमच्या भिंतीला त्यांनी दोन वर्षांत चार विशेषणं दिली. दिवाळीत ती 'चॉकी' होती. पावसाळ्यात 'ब्लिस्टर्ड' झाली. वडिलांनी चुना मारून घेतला तेव्हा 'पावडरी'. चौथ्या वेळी घरमालकानं तिला जे काही फासलं, त्याला दत्तूभाऊंना शब्दच सापडेना. तीन दिवस ते दाराबाहेर नुसत्या येरझाऱ्या घालून परत गेले. शेवटी आई म्हणाली, "अगं, त्यांना विरजण हवं असेल. जा, देऊन ये. भिंतीचं काय व्हायचं ते होऊ दे."

चौथ्या दिवशी पहाटे ते आले आणि म्हणाले, "क्रस्टी." विरजण आम्ही तोवर संपवलं होतं.

ही मुलुंडची गोष्ट, पन्नास सालानंतरच्या पाच-सहा वर्षांतली. आमची इमारत दुमजली. वरच्या मजल्यावर लांबलचक गॅलरी आणि तिच्यावर सहा बिऱ्हाडं. पहिलं आमचं, शेवटचं दत्तूभाऊंचं. ते मूळचे मालवणकडचे. भांडुपला मोझॅकच्या फरश्यांचा एक कारखाना होता, तिथे तपासनीस होते. शेठजींनी फरश्यांचा कॅटलॉग काढला होता, फोर्टातल्या मोठमोठ्या आर्किटेक्टना पाठवायला. त्यात प्रत्येक फरशीला नंबर, आणि नंबराखाली तिचा 'सरफेस' हाताला कसा लागतो ते सांगणारं इंग्रजी विशेषण. एकच. ते ठरवायचं काम दत्तूभाऊंचं.

शेठजींना या कामाचं महत्त्व कळत नसे. ते म्हणायचे, "दत्ताराम, सब के नीचे लिख दे बेस्ट. झंझट खतम."

दत्तूभाऊ म्हणायचे, "शेठ, बेस्ट हाथ को नहीं लगता."

कारखान्यातून येताना ते पिशवीतून नमुन्याच्या फरश्या आणायचे आणि आपल्या दारासमोर गॅलरीत मांडायचे. मग चप्पल काढून संध्याकाळभर त्यांच्यावरून येरझाऱ्या. पुढे, मागे, टाचेवर, चवड्यावर. तोंडानं पुटपुटणं चालूच. "रफ? रफ म्हणजे काहीच म्हटलं नाही. कोर्स? कोर्स म्हणजे गोणपाट. ग्रिटी? हं... नाही." मधेच थांबायचे, मान हलवायचे आणि म्हणायचे, "बसणा नाय गे. डुगडुगता." फरशीखाली वाळू कमी पडली की फरशी डुगडुगते, तसा त्यांच्या मते शब्दही डुगडुगायचा. बसलेला शब्द पाय ठेवला तरी हलत नाही म्हणे.

कोपऱ्यावरच्या न्हाव्यालासुद्धा त्यांनी यात ओढला होता. दाढी झाली की गालावरून बोटाची पाठ फिरवायची आणि निकाल द्यायचा. "ग्रिटी. परत." तो बापडा परत वस्तरा फिरवायचा. वर्षभरानं तो तयार झाला. दत्तूभाऊ खुर्चीतून उठायच्या आत स्वतःच त्यांचा गाल चाचपून ओरडायचा, "साहेब, आज सॅटिन! एकदम सॅटिन!" आणि बाकीची गिऱ्हाइकं आपापले गाल चाचपायची.

मी एकदा विचारलं, "दत्तूभाऊ, मराठीत का नाही हो एवढे अडत?"

"मराठीत कशाला अडू? हात लावला की शब्द येतो. रवाळ, भरभरीत, तुळतुळीत. तो शब्दच हाताला लागतो. इंग्रजीत शोधत जावं लागतं, नि तोवर हात विसरतो."

आता त्या वेळच्या माझ्याविषयी. टाळलं असतं, पण त्या मुलीशिवाय ही गोष्ट घडली नसती. मी अठरा वर्षांची होते. नुकतीच मॅट्रिक झाले होते, स्टेशनजवळच्या टायपिंग क्लासला जात होते. मॅट्रिकला इंग्रजीत वर्गात पहिली आले होते, आणि ही बातमी ज्याला अजून कळली नाही असा माणूस मुलुंडमध्ये राहत नव्हता. वडिलांची जाडजूड डिक्शनरी मी पहिल्या पानापासून पाठ करायला घेतली होती. ए झाला, बी झाला, सी संपत आला होता. त्यामुळे त्या वर्षीचं माझं सगळं इंग्रजी पहिल्या तीन अक्षरांत मावायचं. आवडलेली प्रत्येक गोष्ट 'ब्यूटिफुल' नाहीतर 'चार्मिंग'. 'नाइस' व्हायला अजून पुष्कळ पानं होती. दूधवाल्याला मी 'ॲब्सोल्यूटली' म्हणायचे आणि तो घाबरून माप शीगोशीग भरायचा.

अशी विदुषी गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला असल्यावर दत्तूभाऊ सोडतात होय? फरशी घेऊन यायचे. "कुंदा, ह्यां बघ. काय म्हणशील?"

मी तिच्याकडे न बघताच म्हणायचे, "ब्रिसली."

"हात लाव गे आधी! हात न लावता शब्द सांगतेस? माणूस न बघता लग्न ठरवशील तू!"

लग्नाचा विषय त्यांच्या तोंडात असायला कारण होतं. त्यांची धाकटी बहीण मथू. आईवडील गावी असतानाच गेले, तेव्हापासून ही दोघंच. मथूताई तेवीस वर्षांची होती. मशीनवर ब्लाउज शिवायची. माझी मापं घेताना माझ्या इंग्रजीचीही घ्यायची. "ये गं चार्मिंग, सरळ उभी राहा," असं म्हणायची. तिच्या तोंडावर देवीचे वण होते, कपाळापासून हनुवटीपर्यंत, दाट. पहिल्या आठवड्यात मला ते दिसले. नंतर दिसेनासे झाले, कारण मथूताई बोलायला लागली की समोरच्याला स्वतःची अब्रू सांभाळण्यातून सवड मिळायची नाही.

पण स्थळ बघायला येणाऱ्यांना आठवडा नसतो. त्यांना चहा संपेपर्यंतचा वेळ असतो. दोन स्थळं येऊन गेली होती. मध्यस्थानं त्यांना आधी काही सांगितलं नव्हतं. मथूताई ट्रे घेऊन बाहेर आली आणि समोरच्यांचे चेहरे पडले. दुसऱ्या वेळी मुलाची मावशी "अगंबाई!" म्हणाली. एवढंच म्हणाली, लगेच पदरानं तोंड पुसल्यासारखं केलं. पण ते 'अगंबाई' दत्तूभाऊंच्या कानातून जाईना. त्यांनी त्या दिवशी ठरवलं, यापुढे माझ्या बहिणीला बघून कुणी दचकायचं नाही. जो येईल, तो सगळं माहीत असूनच येईल.

आणि मग बोरिवलीहून वालावलकरांचं पत्र आलं.

वालावलकर म्हणजे कोर्टातले निवृत्त शिरस्तेदार. मुलगा सदानंद गोदीत कारकून. पत्र इंग्रजीत होतं. मजकूर असा, की पत्रिका जुळते, घराणं पसंत आहे, मात्र मुलीच्या चेहऱ्याविषयी मध्यस्थाकडून काही मोघम कळलं, आणि मोघम आम्हांला चालत नाही. तरी नेमक्या शब्दांत, इंग्रजीत, पंधरा दिवसांच्या आत कळवावं. नेमकं कळलं तर येऊ. नाही कळलं तर येणार नाही.

नेमका शब्द मागणारा माणूस दत्तूभाऊंना जन्मात पहिल्यांदा भेटला होता. तो त्यानं नेमका बहिणीच्या तोंडासाठी मागावा!

त्या पंधरा दिवसांत आमच्या गॅलरीला झोप म्हणून नव्हती. पहाटे पाचला त्यांच्या पायांचा आवाज सुरू व्हायचा. थप, थप, थांबणं, वळणं, थप, थप. कारखान्यात जायला निघायचे, जिना उतरायचे, परत वर यायचे. मला हाक मारायचे, "कुंदा, डॅपल्ड म्हणजे गे?" माझा सी चालू होता, डी यायचा होता. मी म्हणायचे, "कॉम्प्लिकेटेड आहे." ते समाधान झाल्यासारखे जायचे आणि पाच मिनिटांनी परत यायचे. न्हाव्याकडे जाणं थांबलं. गाल ग्रिटीच्या पलीकडे गेले.

मथूताई वैतागली. "दादा, मी काय फरशी आहे? तोंड माझं आहे ना? मग मला विचार."

"तुका काय विचारू? तुका काय कळता?"

"रोज सकाळी धुते मी ते. तू धुतोस?"

"मथू, बोलू नको. शब्द पळतो."

आठव्या दिवशी त्यांनी मला हाताशी धरलं. पत्राचा कच्चा मसुदा दिला आणि म्हणाले, हे टाइप करून आण, सात प्रती. सगळ्या प्रती सारख्याच. फक्त एका ओळीत, 'हर फेस इज' च्या पुढे, प्रत्येक प्रतीत वेगळा शब्द. ग्रेनी, पेबली, डॅपल्ड, स्टिपल्ड, अनईव्हन, रिपल्ड. सातव्या प्रतीत जागा कोरी ठेवायची, ऐन वेळी शब्द सुचलाच तर असावी म्हणून.

मी सात प्रती केल्या. क्लासच्या सरांनी खांद्यावरून वाकून वाचलं आणि विचारलं, "हे कुठल्या आजाराचं आहे?"

आणि मग दत्तूभाऊंनी त्या सात पत्रांचं जे केलं, ते दुसऱ्या कुणाला सुचलं नसतं. त्यांनी ती गॅलरीत, दारासमोर, फरश्यांसारखी ओळीनं मांडली. उडू नयेत म्हणून प्रत्येकावर मोझॅकचा तुकडा ठेवला. आणि त्यांच्यामधून अनवाणी येरझाऱ्या सुरू केल्या. चार दिवस! एकूण एक बिऱ्हाड त्याच टोकाच्या नळावर जाताना उंबरे ओलांडावेत तसं त्या पत्रांवरून पाय उचलून जायचं. माझी आई हातात भरलेली कळशी घेऊन म्हणायची, "अहो दत्तूभाऊ, एक उचला आणि टाका पेटीत. मुलगी चांगली आहे हो, कुठलाही शब्द चालेल."

"वहिनी, कुठलाही शब्द चालला असता तर मी कारखान्यात कशाला हवा होतो?"

बाराव्या दिवशी माझा धीर सुटला. खरं सांगायचं तर धीर नव्हे, मोठेपणा सुटला. मला वाटलं, या इमारतीत इंग्रजी कुणाला येतं? मला. मग अडलंय कुठे? मी क्लासला जाऊन आठवी प्रत टाइप केली. 'हर फेस इज चार्मिंग'. खाली दत्तूभाऊंची सही ठोकली, वळणदार, त्यांच्या सहीपेक्षा किती तरी सुरेख. आणि स्टेशनच्या पेटीत पत्र टाकलं. परोपकार केलेलं माणूस जरा ताठ चालतं. मी तशी घरी आले. वाटेत एका कुत्र्याला 'ॲब्सोल्यूटली' म्हटल्याचंही आठवतं.

चौदाव्या दिवशी सकाळी दत्तूभाऊंनी खाली वाकून एक पत्र उचललं. मी गॅलरीत वेणी घालत होते. मी परवाच एक टाकलं होतं, पण ते सांगायची हिंमत झाली नाही.

"कुठला?" मी विचारलं.

"रिपल्ड." ते पत्र उन्हात धरून बघत होते. "ओहोटीला वाळू बघितलीस कधी? पाणी निघून जातं, पण लाट वाळूत राहते. बारीक बारीक. पायाला बरी वाटते. ता रिपल्ड."

"बसला?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. डोळे तांबारलेले, दाढी वाढलेली. "डुगडुगता. पण उद्या मुदत संपता."

उरलेली पत्रं मी गोळा करू लागले. पाच भरली. रिपल्ड गेलं तरी सहा हवी होती. कोरी जागा असलेलं नव्हतं. वाऱ्यानं उडालं असेल, असं मी म्हटलं. मथूताई आत मशीन चालवत होती. मशीन जरा जोरात चालली.

पुढच्या रविवारी वालावलकर आले. काळा कोट, हातात काठी, मागे सदानंद. सदानंद उंच होता आणि आपली उंची कुठे ठेवावी हे न कळल्यासारखा उभा राहायचा. आई पोहे करायला मदतीला गेली होती, मी आईच्या मागे.

वालावलकर सतरंजीवर बसले. चष्मा पुसला. खिशातून तीन पत्रं काढली आणि समोर ओळीनं मांडली. दत्तूभाऊंनी एकदा पत्रांकडे बघितलं, एकदा वालावलकरांकडे. ते आपल्यासारखेच पत्रं मांडतात, याचा त्यांना क्षणभर आनंद झाला असावा. मग त्यांनी मोजली.

"परुळेकर," वालावलकर म्हणाले, "माझा उभा जन्म कोर्टात गेला. एका चेहऱ्याच्या तीन जबान्या. एक म्हणते चार्मिंग. एक म्हणते रिपल्ड. एक म्हणते पिटेड. खाली सह्या तिन्हींवर तुमच्याच, आणि तिन्ही वेगळ्या हातच्या. असं मी फक्त जमिनीच्या दाव्यांत पाहिलंय. म्हणून जातीनं पाहणीला आलो. चार्मिंगवाला साक्षीदार कोण?"

मी आईच्या मागे सरकले. आई पुढून सरकली.

"मी," मी म्हटलं.

"बाई, मी नेमका शब्द मागितला होता. चार्मिंग म्हणजे नेमकं काय? खरखरीत चार्मिंग की गुळगुळीत चार्मिंग?"

मला त्या क्षणी कुठल्याच अक्षरातलं काही आठवेना. दत्तूभाऊ माझ्याकडे बघत होते, रागानं नव्हे, नुसतेच, आणि ते जास्त वाईट होतं.

"रिपल्ड माझं," ते हळूच म्हणाले. "पण तिसरं... तिसरं मी नाही लिहिलं."

"तिसरं माझं." मथूताई ट्रे घेऊन दारात उभी होती. तिनं ट्रे खाली ठेवला, पदर सारखा केला नाही, मान खाली घातली नाही. "कोऱ्या जागेत मी हातानं लिहिलं. सहीपण मीच केली. अक्षर बरं नाही माझं."

वालावलकरांनी तिला बघितलं. सदानंदनंही. कुणी दचकलं नाही.

"मुली, हा शब्द तुला कुणी सांगितला?"

"आमच्या मोरीनं."

"कुणी?"

"मोरी हो. भांडी घासायची जागा. तिथे कारखान्यातल्या टाकाऊ फरश्या बसवल्यात दादानं. प्रत्येकीच्या कडेला निळा शिक्का आहे. इतकी वर्षं घासतेय, अक्षरं पाठ झाली. एकदा दादाला विचारलं होतं, याचा अर्थ काय. म्हणाला, बारीक खड्डे पडलेली फरशी. मग मी आरशात बघितलं. शब्द बसला. डुगडुगला नाही."

वालावलकर दत्तूभाऊंकडे वळले. "म्हणजे शब्द तुम्हांला माहीत होता?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग लिहिला का नाही?"

दत्तूभाऊ उठून उभे राहिले. दोन पावलं गेले, खोली तेवढीच होती, परत वळले. "साहेब, तो शिक्का मी मारतो. दिवसातून किती वेळा मारतो मलाच ठाऊक नाही. मारला की फरशी बाजूला. ढिगावर. तिच्याकडे परत कुणी बघत नाही. तो माझ्या हातानं हिच्या तोंडावर मारू?" परत दोन पावलं. "आणि ते खड्डे माझे आहेत. मी पाडलेत."

"दादा, बस खाली," मथूताई म्हणाली.

"नाही. यांना नेमकं हवंय ना? सांगतो नेमकं. देवी काढणारा आमच्या गावात आला होता. मी दहा वर्षांचा, ही तीन. माझ्या दंडावर त्यानं लस टोचली, ते हिनं बघितलं. आणि अशी रडायला लागली, अशी रडायला लागली... मला बघवेना. भात साठवायची मोठी कणगी होती आमच्याकडे, बांबूची. तिच्यात मी हिला घेऊन लपलो. आई हाका मारत राहिली. संध्याकाळी तो माणूस पुढच्या गावी निघून गेला, तेव्हा आम्ही बाहेर आलो. मला वाटलं, मी केवढा पराक्रम केला! दोन वर्षांनी साथ आली. मी टोचलेला होतो. माझ्या अंगावर एक फोड आला नाही."

ते थांबले. हात कुठे ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं. मी त्यांना दोन वर्षं ओळखत होते आणि ते एका जागी स्थिर उभे आहेत असं पहिल्यांदाच बघत होते.

मथूताई उठली आणि त्यांच्यापाशी गेली. आमच्यासमोर ती कधी मालवणी बोलायची नाही. त्या दिवशी बोलली.

"माका म्हायत आसा, दादा."

"कोणी सांगितलान?"

"कोणी कित्याक सांगूक होयो? मी थंयच होतंय ना. काळोख होतो. भात टोचत होता. तू माझ्या तोंडार हात धरलेलंस, आवाज भायर जावचो नाय म्हणान." तिनं त्यांचा हात धरला. "तुझो हात मऊ होतो रे."

आईनं डोळ्यांना पदर लावला. वालावलकरांनी चष्मा काढला, पुन्हा घातला, आणि शिरस्तेदाराला शोभेल अशा आवाजात म्हणाले, "सदा, तुझं काय म्हणणं?"

सदानंदचा आवाज आम्ही तेव्हा पहिल्यांदा ऐकला. "तिसरं पत्र लिहिणारी चालेल."

"मला विचारलं नाही अजून कुणी," मथूताई म्हणाली. मूळ स्वभाव वर आलाच. "तुमच्याकडे बोरिवलीला पाणी किती वेळ असतं?"

"विहीर आहे," सदानंद म्हणाला. "बारा महिने."

"मग चालेल."

मार्गशीर्षात लग्न झालं. मी पाहुण्यांना पन्नासदा सांगितलं, की यात पत्रव्यवहार माझा होता. मथूताईनं माझी पाठवणी करायची धमकी दिली.

ती गेल्यावर दत्तूभाऊ त्या खोलीत एकटे राहिले, कायमचे. लग्नाचं त्यांना पुष्कळांनी सुचवलं, माझ्या आईनं तर फारच. ते ऐकून घ्यायचे आणि फरश्या मांडायला घ्यायचे. दर रविवारी बोरिवलीला जायचे, संध्याकाळी परत यायचे, आणि आल्यावर आईला न विचारता सांगायचे, "बरी आहे. विहिरीला पाणी आहे."

आणखी एक गोष्ट होती. ती मला तिथे राहायला गेल्यापासून दिसत होती, पण तिचा अर्थ मी, इंग्रजीत पहिली आलेल्या मुलीनं, 'या माणसाला रजा घ्यायची हौस आहे' असा लावला होता. म्युनिसिपालिटीचा देवी काढणारा आमच्या भागात यायचा, त्या दिवशी दत्तूभाऊ कामावर जायचे नाहीत. सकाळपासून तीन इमारतींतली पोरं गोळा करायचे. पोरं लपायची. खाटेखाली, पाण्याच्या पिंपामागे, गाद्यांच्या गुंडाळीत. हे बरोबर शोधून काढायचे. लपायच्या जागा यांना कशा कळतात, असं बायका हसून म्हणायच्या. पोरं त्यांचा मनापासून द्वेष करायची. एकानं तर त्यांना कडकडून चावलं होतं. ते एकेकाला मांडीवर घ्यायचे, दंड धरायचे आणि टोचून होईपर्यंत सोडायचे नाहीत.

माझं लग्न झालं, पहिल्या बाळंतपणाला मी मुलुंडला आले. मुलगी सहा महिन्यांची झाली तोवर मी माहेरीच होते, तेव्हा तो माणूस आला. खरं सांगते, मी तिला घेऊन आतल्या खोलीत जाऊन बसले होते. पुढच्या वर्षी बघू, असं स्वतःला सांगत होते. तेवढ्यात दत्तूभाऊ दारात. या वेळी भिंतीला बोट लावलं नाही, कुठला शब्दही म्हटला नाही. सरळ आत आले आणि हात पुढे केले.

गॅलरीत त्यांनी तिला मांडीवर घेतलं. मी शेजारी बसले. सुईसारखं ते हत्यार दंडाला लागलं आणि तिनं असा टाहो फोडला की मला सहन होईना. काही कळायच्या आत मी तिच्या तोंडावर हात ठेवला.

दत्तूभाऊंनी माझं मनगट धरलं आणि हळूच बाजूला केलं.

"हात काढ गे," ते म्हणाले. "रडू दे तिका. मोठ्यान रडू दे."